धागा: नोकरी सोडून गावोगावी राहत फ्रीलान्स काम करायचंय – निघण्याआधी पैशाची बांधणी कशी करावी?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. वय २५, मूळ गाव भूम तालुक्यात (धाराशिव). सध्या पुण्यात वेब डेव्हलपर, हातात ५२,००० पडतात. दिवाळीनंतर नोकरी सोडून दोन-तीन महिने एकेका ठिकाणी राहून फ्रीलान्स काम करायचा विचार आहे. सुरुवात देशातच, नंतर जमलं तर बाहेर. आकडे असे:

शिल्लक ३,१०,००० (त्यातले दीड लाख एफडीत, बाकी बचत खात्यात). शैक्षणिक कर्ज १,८०,००० बाकी, हप्ता ६,२००. घरी दरमहा ८,००० पाठवतो. वडिलांच्या नावावर चार एकर, माझ्या नावावर एक एकर. कंपनीचा आरोग्य विमा आहे, स्वतःचा नाही. दोन ग्राहक तयार आहेत, एक मुंबईचा, एक परदेशातला.

किती साठवून निघावं, कर कसा भरायचा, विमा कोणता, एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) चालू ठेवावी का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

मांजराकाठ

बालाघाटी, माणसं परत येतात ती प्रवास महाग पडला म्हणून क्वचितच. काम केलं पण पैसे यायला दोन-अडीच महिने लागले, आणि मधल्या काळात एक आजारपण किंवा एक बंद पडलेला लॅपटॉप आला, म्हणून परत येतात. त्यामुळे ‘फिरायला किती लागतील’ हा हिशेब दुसरा. पहिला हिशेब हा की काहीच आलं नाही तर किती दिवस तग धरता येईल.

दोन वेगळे आकडे काढ. एक, फिरतीवरचा महिना. समजा राहणं १४,०००, जेवण ९,०००, प्रवास आणि गावातली ये-जा ५,०००, मोबाइल-डेटा १,२००, विमा १,५००, घरी ८,०००, सटरफटर ४,०००. झाले ४२,७००. त्यात हप्ता ६,२०० मिळव: ४८,९००. दोन, भूमला घरी परतल्यावरचा महिना. भाडं नाही, जेवण घरचं, पण हप्ता, विमा, फोन, घरखर्चाचा वाटा सुटत नाही. तो २०,००० धर.

आता साठा. फिरतीवरचे तीन महिने १,४६,७००, घरचे तीन महिने ६०,०००, लॅपटॉप-फोन बदलायची वेळ आली तर ७०,०००. बेरीज २,७६,७००. हा झाला अडीअडचणीचा निधी, याला हात लावायचा नाही. याशिवाय कामाचं भांडवल वेगळं, कारण आज काम सुरू केलं, महिनाअखेर बिल गेलं आणि ग्राहकाने ३० दिवसांनी पैसे दिले तर पहिला रुपया साठाव्या दिवशी दिसतो. म्हणजे आणखी दोन महिन्यांचे ९७,८००. एकूण ३,७४,५००. तुझ्याकडे ३,१०,००० आहेत. ६४,५०० कमी पडतात. दिवाळीपर्यंत ते जमतात का बघ, नाहीतर संक्रांतीनंतर नीघ.

शैक्षणिक कर्ज आधी फेडून टाकावं असं घरचे म्हणतील. सध्या नको. १,८०,००० त्यात घातले तर हातात १,३०,००० राहतात आणि पहिल्याच अडचणीत क्रेडिट कार्डावर किंवा मोबाइल अॅपवरच्या कर्जावर जावं लागतं, त्याचा व्याजदर शैक्षणिक कर्जाच्या कितीतरी पट असतो. हप्ता वेळेवर भरत राहा. फिरतीचं पहिलं वर्ष नीट पार पडलं की चांगल्या महिन्यात थोडं थोडं मुद्दल कमी कर.

कमाईचा आकडाही काढून ठेव. वर्षात बारा नाही, दहाच महिने काम मिळेल असं धर. खर्च ४८,९०० × १२ = ५,८६,८००, बचत महिना ६,००० म्हणजे ७२,०००. मिळून ६,५८,८००. दहाने भाग, तर कामाच्या प्रत्येक महिन्यात ६५,८८० चं बिल व्हायला हवं. सध्याचे दोन ग्राहक मिळून एवढं देतात का? पगार हातात असतानाच याची खात्री करून घे. मात्र नेमणूकपत्र आधी वाच. त्यात बाहेरचं काम करायला मनाई असेल तर लेखी परवानगी घे किंवा राजीनाम्यानंतरच ते सुरू कर.

शेतवाट

लेकरा, पैसे बँकेत कामून ठेवायलास? आमच्याकडं पतसंस्था दोन-तीन टक्के जास्त देतेत. आन् गावात भिशी हाय, ती लाव. एकदम मोठी रक्कम हातात येती.

पानचक्की

शेतवाट भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण या पोराच्या बाबतीत हे करू नका. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, व्याज धरून, दर बँकेला दर ठेवीदाराला. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था त्यात येत नाहीत, नावापुढे काहीही लावलं असलं तरी. गेल्या काही वर्षांत आपल्या मराठवाड्यात मल्टिस्टेटमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी माणसं दारोदार फिरतायत हे आपण बघतोच आहोत. जो माणूस मैसूरला किंवा हिमाचलात बसलाय तो शाखेबाहेरच्या रांगेत उभा राहायला येऊ शकत नाही. भिशीचंही तसंच, दरमहा हजेरी आणि तोंडी विश्वास यांवर ती चालते.

निधी असा ठेवा: ४०,००० बचत खात्यात, दीड लाख ऑटो स्वीप (बचत खात्यातले जास्तीचे पैसे आपोआप एफडीत टाकणारी सोय) किंवा साध्या एफडीत पण ५०,००० चे तीन तुकडे करून (एक मोडला तर बाकीच्यांचं व्याज जात नाही), उरलेले लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड). लिक्विड फंडातून तत्काळ काढायची सोय असते, ती एका योजनेतून दिवसाला ५०,००० किंवा शिल्लकीच्या ९० टक्के, जे कमी असेल तेवढीच. बाकी रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी येते. गुंतवल्यापासून सात दिवसांच्या आत काढले तर थोडा एक्झिट लोड (लवकर काढल्याचं शुल्क) बसतो. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाचा नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या टप्प्याने कर लागतो, वेगळी सवलत नाही.

आणि सगळं एकाच बँकेत नको. दोन बँका, दोन डेबिट कार्डं, दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका.

दुधनाकाठ

राजीनाम्याआधी काय काय उरकायचं ते लिहितो. पगाराची स्लिप हातात असताना जे एका फोनवर होतं, ते नंतर महिनाभर होत नाही.

क्रेडिट कार्ड नसेल तर आत्ता घे. एक पुरे. ऑटो-पे ‘पूर्ण बिल’ ला लाव, ‘किमान रक्कम’ ला नको. आरोग्य विमा नोकरीत असतानाच घे, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं. राजीनाम्याच्या आदल्या दिवशी पॉलिसी घेतली तर पहिला महिना उघडा पडतो. दुसरा मार्ग असा की कंपनीच्या सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीच्या पॉलिसीत सरलेला प्रतीक्षा काळ धरला जातो. त्यासाठी एचआरकडे अर्ज शेवटच्या दिवसाआधी द्यायचा.

पीएफ: युएएनला (पीएफचा कायमचा क्रमांक) आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं आहे का बघ. नाव आणि जन्मतारीख तिन्हीकडे अक्षरशः एकसारखी हवी. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि पॅनवर नाही, एवढ्यावरून दावा अडतो. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती स्वतः पोर्टलवर टाकता येते. पैसे काढायची घाई करू नको. एकूण नोकरी पाच वर्षांहून कमी असताना काढले तर ते करपात्र होतात. तसेच राहू दिले तर व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

पत्ता: आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे भूमचाच ठेव. फिरतीच्या प्रत्येक गावी पत्ता बदलत बसू नको. बँकेचं कार्ड, चेकबुक, प्राप्तिकर खात्याचं पत्र त्याच पत्त्यावर येतं, म्हणून घरी कुणाला तरी सांगून ठेव की पाकीट आलं की फोटो काढून पाठवायचा. पासपोर्टही याच काळात काढून घे, पोलीस पडताळणी गावच्या पत्त्यावर होते आणि तू तेव्हा सुट्टीत येऊ शकतोस.

नंबर: ओटीपीचा नंबर एकच, आणि तो फिजिकल सिमवर. डेटासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम. रिचार्ज संपून नंबर ९० दिवस वापरात नसेल तर तो बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. सिम हरवून नवं घेतलं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपी नाही. त्या एका दिवसासाठी थोडी रोकड बॅगेत वेगळी ठेवायचीच.

नॉमिनी: आता बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आईचं नाव लाव आणि खाती-पॉलिसींची यादी घरी एका वहीत लिहून ठेव.

पानचक्की

आता कर. आकडे नव्या करप्रणालीचे.

वेब डेव्हलपमेंट माहिती तंत्रज्ञानात मोडतं, त्यामुळे तुम्हाला अनुमानित कराची तरतूद लागू होते (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए, १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, तरतूद तीच आहे). जमा रकमेच्या ५० टक्के उत्पन्न धरायचं, वह्या ठेवायची सक्ती नाही. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. तुमची वर्षाची जमा ६,६०,००० झाली तर उत्पन्न ३,३०,०००. चार लाखांपर्यंत कर शून्य. जमा बारा लाख झाली तरी उत्पन्न सहा लाख, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट असल्याने भरायचं काही नाही. शेअर किंवा इक्विटी फंडाच्या भांडवली नफ्यावर मात्र ही सूट चालत नाही.

कंटेंट रायटिंग, व्हिडिओ, सोशल मीडिया करणारे कुणी हा धागा वाचत असतील तर तुमचं काम या यादीत बसतंच असं धरू नका, सीएला विचारा.

मुंबईचा ग्राहक वर्षाला ५०,००० च्या वर देत असेल तर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापेल. समजा त्याच्याकडून तीन लाख आले, ३०,००० कापले गेले. कर शून्य असला तरी ते विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतात, म्हणजे वर्षभर ते तुमच्या हातात नाहीत. मांजराकाठ यांच्या ६५,८८० मध्ये हे धरलेलं नाही, धरा. दर तिमाहीला प्राप्तिकर पोर्टलवरचे २६एएस आणि एआयएस हे उतारे उघडून कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का बघा. कापून न भरणारे असतात.

नोकरी सोडाल त्या वर्षी पगार आणि व्यवसाय दोन्ही एकाच विवरणपत्रात. फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) जुन्या कंपनीकडून मागून घ्या. साधारण आयटीआर-४ (अनुमानित उत्पन्नासाठीचा विवरणपत्राचा फॉर्म) चालतो, पण परदेशात बँक खातं किंवा परदेशी शेअर असतील तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो आणि परकीय मालमत्तेचा तक्ताही. हे खूप जण चुकवतात.

कर १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ कर. अनुमानित पद्धतीत चार हप्ते नाहीत, १५ मार्चपर्यंत एकदाच.

जीएसटी: सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही, ग्राहक दुसऱ्या राज्यातला असला तरी. परदेशी ग्राहकाची रक्कमही या २० लाखांत मोजायची. ओलांडली की नोंदणी आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), मग परदेशी बिलावर कर लावावा लागत नाही. व्यवसाय कर वर्षाला २,५००, ३० जूनपर्यंत, त्यासाठी पीटीईसी नोंदणी ऑनलाइन होते.

एक गोष्ट लक्षात घ्या, विवरणपत्रात तुम्ही ५० टक्केच उत्पन्न दाखवता. तीन वर्षांनी गृहकर्ज मागायला गेलात किंवा व्हिसाला कागद दिलेत तर समोरचा ३,३०,००० च बघतो. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायला कायद्याची आडकाठी नाही, आणि १२ लाखांच्या आत कर तसाही शून्य आहे. पुढे कर्ज घ्यायचं असेल तर खरा नफा दाखवा.

बालाघाटी

खूपच उपयोगाचं. दोन प्रश्न. परदेशी ग्राहकाचे पैसे कसे घ्यावेत? आणि अनियमित कमाईत एसआयपी कशी चालवायची?

मांजराकाठ

पैसे घेताना शुल्क एकटं बघू नको. शुल्क कमी सांगून विनिमय दरात कापणारे जास्त असतात. दर वेळी त्या दिवसाचा बाजारभाव आणि तुला प्रत्यक्ष पडलेला दर, दोन्ही लिहून फरक काढ. महिन्याला ६०,००० येत असतील आणि फरक ४ टक्के असेल तर वर्षाला २८,८०० गेले. बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला घ्यायचा, आणि पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा) बरोबर टाकायचा. सॉफ्टवेअर सल्लासेवेला पी०८०२. चुकून ‘कुटुंबाचा उदरनिर्वाह’ असा काही कोड पडला तर पुढे निर्यात सिद्ध करताना त्रास.

मुंबईच्या ग्राहकासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) कर. आधारवर होते, फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की ग्राहकाने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि त्याला तो खर्च त्या वर्षी वजाही करता येत नाही. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. सहसा तक्रारीपर्यंत जावं लागत नाही, बिलाखाली उद्यम क्रमांक आणि मुदत छापली तरी हिशेब विभाग हलतो. नव्या ग्राहकाकडून मात्र ४० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय काम सुरू करू नको.

एसआयपीबद्दल: आपल्या घरी सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास एकदा येतो आणि तो वर्षभर पुरवून वापरतात, तसंच इथे करायचं. तीन खाती कर. सगळी जमा पहिल्या खात्यात. तिथून १० टक्के करा-बिरासाठी दुसऱ्यात. आणि दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेला ‘पगार’, तुझ्या बाबतीत ४९,०००, तिसऱ्या खात्यात. यूपीआय फक्त तिसऱ्याला जोडायचं. एखाद्या महिन्यात दीड लाख आले तरी पगार ४९,००० च.

एसआयपी या पगारातून, छोटी, २,००० ची. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर म्युच्युअल फंड दंड लावत नाही, पण बँक मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) परत गेल्याचं शुल्क लावते, आणि ओळीने तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी रद्द होते. उरलेली बचत तिमाहीला एकदम टाकायची, तेही पहिल्या खात्यात दोन महिन्यांचा पगार शिल्लक राहून वर काही असेल तर. पीपीएफ असेल तर वर्षाला ५०० तरी भर, नाहीतर खातं निष्क्रिय होतं.

हिमायतबाग

सर्व गणितात प्रत्येक ‘हलण्या’चा खर्च कुणी धरलेला दिसत नाही. गाव बदलायचं म्हणजे गाडीभाडं, दोन रात्री लॉज (खोली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय महिन्याचे पैसे देऊ नयेत), जुन्या जागेचे वाया गेलेले चार दिवस, आणि काम बुडालेले दोन दिवस. हे ६,००० धरले तर दरमहा हलणाऱ्याला वर्षाला ७२,०००, तीन महिन्यांनी हलणाऱ्याला २४,०००. फरक ४८,००० चा, म्हणजे जवळपास एका महिन्याचा सगळा खर्च. शिवाय महिन्याच्या दराने मिळणारी सूट दीड-दोन महिन्यांच्या वायद्यावर आणखी वाढते. तीन महिन्यांपेक्षा कमी राहूच नये असं माझं ठाम मत आहे, निदान पहिल्या वर्षी.

ठिकाण निवडताना हंगाम उलटा धरा. गोव्यात डिसेंबर आणि हिमाचलात मे-जून टाळा. आपल्याकडून नांदेड–अमृतसर सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगरवरून थेट वर जाते, पण आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे जागेचा वायदा तिकीट हातात आल्यावर करा.

खोली ठरवताना मालकाला सांगा, रात्री आठ वाजता त्याच खोलीत बसून इंटरनेटचा वेग मोजून फोटो पाठव. दुपारचा आकडा फसवा असतो, संध्याकाळी सगळं गाव मोबाइलवर असतं. लाइट गेल्यावर राऊटर इन्व्हर्टरवर चालतो का, हा दुसरा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी पंखा-दिवा चालतो आणि राऊटरचा प्लग वेगळ्या लाइनवर असतो. राऊटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप सोबत ठेवला तर हजार-पंधराशेत हे काम भागतं. अनामत दिली तर यूपीआयनेच द्या आणि व्यवहाराच्या टिपणात ‘अनामत, परत देय’ असं लिहा. आधारची प्रत मास्क केलेलीच (पहिले आठ आकडे झाकलेली) द्या.

पैनगंगा

विम्याबद्दल थोडं. पॉलिसी घेताना झोन बघा. काही कंपन्या शहरांप्रमाणे हप्ता ठरवतात, धाराशिवच्या पत्त्यावर स्वस्त पॉलिसी मिळते आणि मुंबई-दिल्लीत दाखल झालात की बिलाचा ठरावीक टक्का स्वतःच्या खिशातून भरायला लागतो. फिरत्या माणसाने अशी अट नसलेली, खोलीभाड्याला मर्यादा नसलेली, किमान १० लाखांची पॉलिसी घ्यावी. मूतखडा, हर्निया अशा ठरलेल्या आजारांना सहसा दोन वर्षांची वाट असते. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यामुळे अर्जात असलेला आजार लपवू नका. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, जुना आकडा सांगणाऱ्या एजंटला ते विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, ते आई-वडिलांसाठी नक्की वापरा, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळवून ठेवा. पण ते यादीतल्या रुग्णालयांपुरतं आणि ठरलेल्या उपचारांपुरतं आहे. तू हिमाचलात असशील तर त्याचा आधार धरू नको.

अपघात विमा वेगळा, त्यात तात्पुरत्या अपंगत्वाला दर आठवड्याला भरपाई आहे का बघ. हात मोडला तर फ्रीलान्सरची कमाई त्याच दिवशी थांबते. बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा, तो तर घ्यावाच. हप्ता मे अखेर आपोआप कापला जातो, तेव्हा त्या खात्यात पैसे हवेत. पॅराग्लायडिंगसारखे प्रकार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, आणि भाड्याची दुचाकी वैध परवान्याशिवाय चालवली तर अपघाताचा दावा नाकारला जातो. आई-वडील तुझ्या ८,००० वर अवलंबून आहेत आणि कर्जही आहे, म्हणून टर्म इन्शुरन्स घे. २५ व्या वर्षी तो सर्वांत स्वस्त पडतो. बचतीसकटच्या पॉलिसी नकोत.

शेतवाट

पतसंस्थेचं पटलं. पण एक विचारतो, ह्याच्या नावावर एकर हाय ना? त्याचं काय? पीएम किसान चालू असन तर?

दुधनाकाठ

चांगला मुद्दा काढलात. मागच्या करनिर्धारण वर्षात ज्याने प्राप्तिकर भरलाय तो पीएम किसानला अपात्र. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. म्हणजे बालाघाटीने कर भरला तरी वडिलांच्या चार एकरांवरचे वर्षाचे ६,००० आणि राज्याचा नमो सन्मान निधी त्यांना मिळत राहतो. त्याच्या स्वतःच्या एकरावर मात्र तो कर भरलेल्या वर्षी घेऊ नये, घेतलेला असेल तर परत मागतात.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि ते ५,००० च्या वर असून बाकी उत्पन्न करमर्यादेच्या वर गेलं तर कराचा दर ठरवताना ते धरलं जातं.

बालाघाटी

माझ्या नावावर पीएम किसान नाही. पण पीक पाहणी (सातबाऱ्यावर पिकाची नोंद) दर हंगामात मीच करतो. बाहेर असताना?

दुधनाकाठ

ई-पीक पाहणी गटात उभं राहूनच करावी लागते, अॅप जागा आणि फोटो दोन्ही घेतं. ती हिमाचलातून होणार नाही. एका मोबाइलवरून एकाहून जास्त खातेदारांची नोंद करता येते, तेव्हा वडिलांच्या फोनवर तुझं खातं जोडून दे. ओटीपी तुझ्या नंबरवर येत असेल तर तेवढा वेळ फोनवर थांब. खरिपाची मुदत साधारण सप्टेंबरपर्यंत असते, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही, तेव्हा ऑगस्टमध्येच उरकायला सांग. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक कोरं राहतं आणि अतिवृष्टीच्या अनुदानाला, हमीभावाच्या खरेदीला अडचण येते. शेतकरी ओळख क्रमांकही निघण्याआधी काढून घे.

हिमायतबाग

‘नंतर बाहेर’ म्हणालास, त्याबद्दल थोडक्यात. पर्यटक व्हिसावर बसून काम करणं बऱ्याच देशांत नियमात बसत नाही. थायलंडचा डीटीव्ही व्हिसा (दुरून काम करणाऱ्यांसाठीचा) पाच वर्षांचा, एका प्रवेशाला १८० दिवस, पण खात्यात ५ लाख बाट (थायी चलन, रुपयाहून बरंच महाग) दाखवावे लागतात. तुझा ३,७४,५०० चा साठा त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा तो विचार दोन-तीन वर्षांनीच. भारतातली आरोग्य पॉलिसी सहसा बाहेर चालत नाही. परदेशात क्रेडिट कार्ड वापरलं की साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी. आणि आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलास की तू इथला रहिवासी, जगभरच्या कमाईचा हिशेब इथे द्यायचा. त्याहून कमी राहिलास तरी आपोआप सुटका नाही, मागच्या वर्षांचे दिवसही मोजले जातात. पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा एका तक्त्यात लिहीत जा.

बालाघाटी

ठरवलं ते असं: आरोग्य पॉलिसी आणि क्रेडिट कार्ड या महिन्यात, एफडी मोडून ५०,००० चे तीन तुकडे, पीएफमधल्या नावातला फरक दुरुस्त, उद्यम नोंदणी राजीनाम्यानंतर लगेच. ६४,५०० दिवाळीपर्यंत पूर्ण होत नाहीत, त्यामुळे नोटीस जानेवारीत देईन. पहिला मुक्काम तीन महिन्यांचा.

पानचक्की

जानेवारीत नोटीस म्हणजे मार्चअखेर सुटाल, ते सोयीचंच आहे. पगाराचं वर्ष आणि व्यवसायाचं वर्ष वेगळं राहील. पहिलं बिल १ एप्रिलनंतरच्या तारखेचं काढा आणि बिलाचे क्रमांक नव्याने १ पासून सुरू करा. एफडी मात्र आत्ता मोडू नका, मुदतीआधी मोडल्यावर व्याज कमी मिळतं. मुदत कधी संपते ते बघा, जानेवारीच्या आधी संपत असेल तर नूतनीकरणाच्या वेळीच तीन तुकडे करा.